विहिरीच्या वरच्या अंगाला

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? माझा आवाज आज जरा बसलाय, सांभाळून घ्या.

रविवारची सकाळ मोडून तुम्ही सगळे बिशानला आलात. कुणी एमआरटीच्या दोन दोन गाड्या बदलून आलंय, कुणी तान्ह्या बाळाला घेऊन आलंय. मोहनदादांसाठी आलात. समोर त्यांचा फोटो, त्याला हार. तो हार बघून मला बोलायचं म्हणजे फार अवघड आहे हो. माणूस परवापरवापर्यंत फोन करून "काय फौजदारीणबाई, आज कुणाला पकडलंत?" असं विचारत होता. त्याच्याबद्दल "होते" म्हणायला जीभ वळत नाही.

मी मेधा. बुकित पंजांगला राहते. बऱ्याच जणांना माहीत आहे, काहींना नसेल. आजच्या कार्यक्रमात माझं बोलणं ठरलेलं नव्हतं. आत्ता सतीशभाऊ बोलून खाली बसले, तेव्हा शैलावहिनींनी, मोहनदादांच्या पत्नींनी, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मेधा, तू बोल. मला जमणार नाही." म्हणून मी उभी राहिले आहे.

आणखी एक आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव संशयी आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, दिवसभर माझं कामच ते. समोरचा म्हणतो "चालतंय", आणि मी म्हणते, "दाखव." मोहनदादा मला फौजदारीणबाई म्हणायचे ते त्यामुळेच. तेव्हा आज मी जे बोलेन त्यात कुणाला संशयाचा वास आला, तर तो बरोबरच आला आहे. मी तो लपवणार नाही.

मोहनदादांचं काम काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. या सिंगापूर शहराचं सांडपाणी. आपण इथे फ्लश करतो आणि विसरतो. ते जातं कुठे, त्याचं होतं काय, हे आपल्याला कधी विचारावंसं वाटत नाही. दादांचं सगळं आयुष्य त्या न विचारलेल्या गोष्टीत गेलं. हॉकर सेंटरमध्ये जेवताना ते हा विषय काढायचे आणि वहिनी म्हणायच्या, "अहो, समोर अन्न आहे." ते म्हणायचे, "अगं, अन्न आहे म्हणूनच काढतोय." आणि मग शांतपणे आपला भात संपवायचे.

अशा माणसाला आपण आपल्या कॉलनीत प्लॉट घ्यायला लावला. आठवतंय ना? पुण्याच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर, आपण सिंगापूरच्या मराठी लोकांनी मिळून जागा घेतली. रिटायर झाल्यावर सगळे एकत्र राहू, असं ठरलं. सतीशभाऊंनी पुढाकार घेतला, धावपळ केली, हे मान्य. तिकडचे लोक तिला सिंगापूरवाल्यांची कॉलनी म्हणतात. आणि उतार संपतो तिथे खाली एक वाडी आहे. वाडीला एक विहीर. पिण्याचं पाणी त्या विहिरीचंच.

तिकडे ड्रेनेज लाइन नाही. प्रत्येक बंगल्याला आपापला सेप्टिक टँक, आपापला शोषखड्डा. नियम अगदी साधा आहे. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून ठरलेल्या अंतरावर हवा. कुणाला खरीच अडचण असेल, जागा नसेल, खाली कातळ लागत असेल, तर तिथल्या आरोग्य समितीकडे अंतरात सूट मागता येते. समिती सुनावणी घेते, हरकती ऐकते आणि निर्णय देते. आजवर कॉलनीत कुणाला सूट लागली नव्हती. पहिला अर्ज आला तो सतीशभाऊंचा. त्यांचा प्लॉट कोपऱ्यातला, बरोबर विहिरीच्या वरच्या अंगाला.

अर्जात कारण काय दिलं होतं? फाटकाजवळ खोदलं तर कातळ लागतो. म्हणून टँक आणि शोषखड्डा मागच्या कोपऱ्यात हवा. मागचा कोपरा म्हणजे वायव्य. आणि वायव्य कोपऱ्याच्या खाली विहीर.

त्याच महिन्यात सतीशभाऊंच्या घरी आपण पूजेला गेलो होतो. प्रसाद घेता घेता त्यांनी तिकडच्या नव्या घराचा नकाशा सगळ्यांना दाखवला. कौतुकाने दाखवला. आणि म्हणाले, "वास्तूवाले गुरुजी म्हणाले, टँक वायव्येलाच घ्या, दुसरीकडे कुठेच नको." मी ते ऐकलं, दादांनी ऐकलं, इथल्या निम्म्या लोकांनी ऐकलं असेल. घरी जाताना लिफ्टमध्ये दादा मला म्हणाले, "फौजदारीणबाई, गुरुजींना कातळ कसा दिसला हो इथून?" आम्ही दोघं हसलो. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

कुणाची श्रद्धा असेल वास्तूवर, माझं काही म्हणणं नाही. माझ्या सासूबाई गॅसची दिशा तीनदा बदलून बसल्या आहेत. पण समितीपुढे श्रद्धेला सूट मिळत नाही, कातळाला मिळते. म्हणून श्रद्धेचा कातळ झाला का, एवढंच दादांना बघायचं होतं.

दादा दिवाळीला पुण्याला गेले तेव्हा मुद्दाम तिकडे जाऊन आले. फाटकाजवळच्या जागेवर उभं राहून त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. म्हणाले, "बघ, खड्डा कुठे दिसतोय तुला?" मला गुडघाभर गवत दिसलं. जुनं, वाळलेलं, एकसारखं. खणलेली माती नाही, भरलेला खड्डा नाही, काही नाही. जमिनीला फावडंसुद्धा लागलेलं नव्हतं. मग कातळ लागला कुणाला? कधी लागला? हे विचारायला नको का?

त्या दिवशी ते खाली वाडीतही उतरले. सुभद्राबाई म्हणून एक आजी विहिरीवर पाणी भरत होत्या. त्यांनी दादांना तांब्याभर पाणी दिलं. दादा प्यायले. मग त्या म्हणाल्या, "सायेब, वर घरं होनार म्हनत्यात. तुमची घान खाली इहिरीत न्हाई ना येनार?" आणि दादा म्हणाले, "नाही येणार, आजी. मी आहे ना." हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. आणि वर म्हणाले, "मेधा, मी शब्द देऊन बसलोय."

मग सुनावणी झाली. आपण सगळ्यांनी इथूनच ऑनलाइन हजेरी लावली होती. आणि आपण काय केलं? आपण इथल्या ऑफिसच्या सवयीने आवाज बंद करून बसलो. आपल्याकडे तो शिष्टाचार. आपली पाळी नसेल तर म्यूट. तिकडे अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची काही हरकत?" पंधरावीस चौकटी, सगळ्या गप्प. ते म्हणाले, "हरकत नाही असं दिसतं. लिहून घ्या, मंजूर." इथे कित्येक जण तोंड हलवत होते, पण आवाज कुणाचाच जाईना. तेवढ्यात दादांचा आवाज आला, "साहेब, थांबा. ही माणसं गप्प आहेत ती शिस्तीने. संमती म्हणून नाही. माझी हरकत आहे." अध्यक्ष हसले. पण थांबले. त्यांनी दादांची हरकत घेतली, जागा बघायला माणूस पाठवायचं ठरवलं आणि निर्णय पुढच्या सुनावणीवर टाकला. ती सुनावणी येत्या बुधवारी आहे.

माझे यजमान मागच्या रांगेतून मला खुणा करतायत. बस म्हणतायत. सतीशभाऊ त्यांचे ऑफिसातले साहेब आहेत, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा खुणेचा अर्थही सगळ्यांना कळला असेल. बसते. पण हे संपवून बसते.

दादा आजारी पडले. साधा खोकला म्हणता म्हणता न्यूमोनिया. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि दाखल झाले त्याच रात्री घशात नळी घातली. ती शेवटपर्यंत निघाली नाही. मी सांगते, त्या दिवसांत सतीशभाऊंनी खूप केलं. डबे आणले, वहिनींना घरी सोडलं, पुढची सगळी व्यवस्था त्यांनी बघितली. स्वतःचा भाऊ करणार नाही इतकं केलं. हे मी नाकारत नाही. वहिनीही नाकारत नाहीत. आणि म्हणूनच पुढचं बोलणं इतकं जड जातंय.

आत्ता सतीशभाऊ काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलंत. म्हणाले, "शेवटी दादांनीही मनातली अढी काढून टाकली. हॉस्पिटलात मी भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाले, 'सतीश, होऊन जाऊ दे. हरकत मागे घेतो.' आता त्यांच्या इच्छेचा मान आपण राखू या." तुमच्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. आणि डोळे पुसता पुसता मी विचार केला, म्हणाले? कसे म्हणाले?

माझ्या शेजारी दादांची मुलगी ऋचा बसली आहे. इथेच वाढलेली पोर, आपल्यासारखं बोलत नाही. ती माझ्या कानात म्हणाली, "आँटी, पापा व्हेअर गॉट टॉक? ट्यूब इनसाइड लाह." एवढंच म्हणाली आणि पुन्हा मांडीवरच्या ओढणीशी चाळा करत बसली. मुलीला ते आठवतं हो. बाप बोलू शकत नव्हता, हे तिला कोण विसरायला लावणार?

आता मी टेस्टिंगवाली म्हणून बोलते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही रोज सतीशभाऊंना भेटत होतो. तेव्हा ते या विषयावर अक्षर बोलले नाहीत. तेराव्याला जेवणं झाल्यावर वहिनींना बाजूला घेऊन म्हणाले, "दादांनी हरकत मागे घ्यायला सांगितलंय. तुम्ही बुधवारी कॅमेऱ्यासमोर एवढं एक वाक्य म्हणा." वहिनींनी विचारलं, "ते बोलले कसे? नळी होती." तर म्हणाले, "बोलले म्हणजे, मी विचारलं आणि त्यांनी मान हलवली." आणि आज? आज त्या मानेचं पूर्ण वाक्य झालं. नावासकट. "सतीश, होऊन जाऊ दे." एकच गोष्ट दर वेळी वेगळी आली की आमच्या ऑफिसात तिला खरं धरत नाहीत. पुन्हा तपासतात.

आणि मानेचं म्हणाल, तर मी पण तिथे होते. दादांना गुंगीचं औषध चालू होतं. नर्स येऊन दुखतंय का विचारायची, "अंकल, पेन आह?" दादा मान हलवायचे. मी म्हणाले, "दादा, मी मेधा." मान हलवली. मी वेड्यासारखी म्हणाले, "दादा, चहा घेणार?" तर चहालाही मान हलवली, आणि मी बाहेर येऊन रडले. त्या मानेवर कुणी काही ठरवू नये. चहासुद्धा ठरवू नये. विहीर तर फार लांबची गोष्ट झाली.

आता तुम्ही म्हणाल, मेधा, शोकसभा आहे. इथे कसले टँक आणि कसले खड्डे? माणूस गेला, दोन चांगले शब्द बोल आणि बस. मलाही तेच वाटत होतं. घरून निघताना मी ठरवलं होतं, आज फक्त दादांचं हसणं आठवायचं. पण हा विषय इथे मी आणलेला नाही. फोटोला हार घालून झाल्यावर, सगळ्यांचं मन भरून आलेलं असताना, तो इथे आणला गेला. आणि अशा वेळी कोण उठून विचारणार? कुणाची हिंमत होणार? मला तर शंका येते, वेळ बघूनच आणला गेला.

शंका खोटी असू शकते. मी माणूस आहे, चुकू शकते. कदाचित दादा खरंच काही म्हणाले असतील. कधीतरी, ॲडमिट व्हायच्या आधी, फोनवर, जिन्यात, कुठेतरी. पण मग मला कुणीतरी सांगा, तो माणूस आजीला शब्द देऊन आला होता. खोकल्याने बेजार असताना, घरात सोफ्यावर पडल्या पडल्या, त्याने मला विचारलं, "पुढच्या सुनावणीत मी बोलू शकलो नाही, तर माझ्या वतीने कोण बोलेल, ते बघून ठेवशील?" वहिनी समोर बसून काढा गाळत होत्या. त्यांनीही ऐकलं. आणि त्याच संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलात हलवलं. मग नळी. मग आपण आज इथे. यात "हो" बसतो कुठे? मी जागा शोधतेय. खरंच शोधतेय, पण मला सापडत नाही.

काल वहिनींनी तिकडे फोन करून विचारलं. हरकत घेणारा माणूस गेला, तर हरकत जाते का? समितीतले लोक म्हणाले, नाही, घरातलं कुणी पुढे चालवू शकतं. फक्त त्यांनी मागे घेतली असं निघालं, तर मग विषय संपला, सूट मंजूर. म्हणजे बुधवारी सगळं एका शब्दावर अडलंय. दादा हो म्हणाले, की नाही म्हणाले.

आणि हो, तो समोर स्टँडवर फोन लावलाय, रेकॉर्डिंग चाललंय. मी मघाशी विचारलं, कशासाठी? तर सांगितलं, पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायचंय. छान आहे, पाठवा. पण वहिनी म्हणतात, त्यांच्या पुण्याच्या एकाही नातेवाइकाने मागितलेलं नाही. मग जाणार कुठे हे? मला वाटतं, बुधवारी समितीपुढे जाईल. "बघा, सबंध कॉलनीसमोर सांगितलं, एकानेही नाही म्हटलं नाही." असं असेलच असं नाही. पण असू शकतं, आणि असलं तर त्यात आपण सगळे आहोत. तुम्ही, मी, ते मागचं तान्हं बाळसुद्धा.

मला दादांची फार आठवण येते हो. ते असते तर मला इतकं बोलावं लागलं नसतं. ते दोन वाक्यांत बोलले असते आणि अध्यक्षही हसले असते. माझ्याकडे ते कसब नाही. मी नुसती खोदत राहते. मला त्यांच्याबद्दल एवढंच म्हणायचंय, की तो माणूस ज्या पाण्याचा विचार कुणी करत नाही त्याचा विचार करायचा, आणि त्या वाडीशी त्याचं काही नातं नसताना त्याने तिथे जबाबदारी घेतली. मी त्यांना दादा म्हणत होते, ते नुसतं म्हणायला नाही. माझा सख्खा भाऊ गेल्यासारखं झालंय मला.

आता शेवटचं. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहून शांत राहायची आपली रीत आहे. ती आपण पाळू या. दादांच्या फोटोकडे तोंड करून उभे राहू. कुणाला प्रार्थना करायची असेल त्याने करावी, कुणाला रडायचं असेल त्याने रडावं.

पण दोन मिनिटं संपली की लगेच खाली बसू नका. माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांनी ज्यांनी मोहनदादांना "हो" म्हणताना स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्यांनी बसावं. बिनधास्त बसावं, मी त्यांना एक शब्द विचारणार नाही. ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांनी उभंच राहावं. सतीशभाऊ, तुम्हालाही तेच. तुम्ही बसलात तर मी मान्य करेन, पण दादांच्या फोटोकडे बघून बसा.

तो फोन बंद करू नका. वहिनी उठल्या आहेत. ऋचा उठली आहे. मी उभीच आहे. चला, उभे राहा.